मांजराच्या अंगावरचा फेंटॅनिल पॅच घरी कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदूरच्या लोकमान्यनगरमधल्या एका ताईंच्या बोक्याच्या, म्हणजे चिकूच्या, मागच्या पायाच्या हाडाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी छातीच्या बाजूला केस काढून दुखण्याचा पॅच लावला, वरून पारदर्शक टेप, टेपवर पेनने तारीख-वेळ. तीन दिवस झाले की घरीच काढून टाका असं सांगितलंय, कारण कॅरियर पाहिला की चिकू घर डोक्यावर घेतो. आता ताई विचारतायत की काढायचा कसा, नेलपॉलिश रिमूव्हर लावलं तर चालेल का, सासूबाई म्हणतायत खोबरेल तेल लावा, आणि घरात दोन वर्षांचा मुलगा आहे तर काही भीती आहे का.

मी इंदूरलाच कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करते, शिकले महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात, आणि असे पॅच लावायचं-काढायचं काम आमच्याकडे नेहमीचं आहे. ताई, तुमचा शेवटचा प्रश्न खरं तर पहिला पाहिजे होता. पॅच काढणं दोन मिनिटांचं काम आहे, बोका थोडा फिस्कारेल, एखादा ओरखडा येईल, संपलं. खरी काळजी घ्यायची ती काढून हातात आलेल्या पॅचची, कारण सगळ्यांना वाटतं की तीन दिवस झाले म्हणजे त्यातलं औषध संपलं, आता ते नुसतं चिकट प्लास्टिक राहिलं.

तसं नसतं. हिशोबच करून बघा. तुम्ही पॅचचा जो फोटो पाठवलाय त्यात २५ लिहिलेलं दिसतंय, म्हणजे तो पॅच तासाला २५ मायक्रोग्रॅम औषध सोडतो असं धरतात. ७२ तासांचे झाले १८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १.८ मिलिग्रॅम. आणि २५ च्या एका प्रचलित कंपनीच्या पॅचमध्ये मुळात औषध असतं ४.२ मिलिग्रॅम. म्हणजे माणसाच्या कातडीवर सगळं लेबलप्रमाणे झालं तरी अर्ध्याहून जास्त माल आतच राहतो, आणि मांजराची कातडी तर त्याहून कमी ओढते, त्यामुळे चिकूच्या पॅचमध्ये अजून जास्त शिल्लक असणार. हे असं मुद्दामच बनवलेलं असतं बरं का, आत भरपूर साठा असला तरच शेवटच्या तासापर्यंत औषध एकसारखं कातडीत उतरत राहतं. फेंटॅनिल म्हणजे मॉर्फिनच्या जातीचं पण त्याच्यापेक्षा कितीतरी पट जोरदार, पन्नास ते शंभर पट म्हणतात. एवढं औषध दोन वर्षांच्या मुलाने तोंडात घातलं, किंवा स्टिकर समजून हातावर चिकटवलं, तर श्वास बंद पडू शकतो, आणि परदेशात वापरलेल्या पॅचने लहान मुलं गेल्याच्या घटना झालेल्या आहेत. घाबरवायला नाही सांगत, पण ज्या दिवशी पॅच काढायचा त्या वेळी मुलाला आजीबरोबर दुसऱ्या खोलीत किंवा खाली बागेत पाठवा, एवढं तरी कराच.

आता काढायच्या आधी डॉक्टरांना एक फोन. पॅच फेंटॅनिलचाच आहे ना ते नक्की करा, कारण आपल्याकडे ब्युप्रेनॉर्फिन नावाच्या दुसऱ्या दुखण्याच्या औषधाचे पण पॅच मिळतात, ते माणसांसाठी सात दिवसांचे असतात, आणि लिडोकेनचे पण येतात, त्याचं सगळं गणित वेगळं. दुसरं म्हणजे तो नुसता चिकटवलाय की कोपऱ्याला टाका किंवा स्टेपल मारलाय हे विचारा, काही जण तसं करतात कारण मांजरं टेप उचकटण्यात पटाईत. टाका-स्टेपल असेल तर घरी हात लावायचाच नाही, चिकू कितीही ओरडला तरी कॅरियरमध्ये घालून न्यायचं. आणि तिसरं, पॅच निघाल्यावर दुखण्यासाठी पुढे काय द्यायचं आणि कधीपासून, हे विचारायला लोक हमखास विसरतात, मग रात्री अकराला फोन येतो की तो पाय टेकवत नाहीये आणि कण्हतोय.

तीन दिवसांचं म्हणाल तर मांजरात हा पॅच कधीकधी तीनपेक्षा थोडा जास्त, चार-पाच दिवस पण चालतो, त्यामुळे ठरलेल्या वेळेच्या दोन-चार तास इकडेतिकडे झालं म्हणून पहाटे झोपेतून उठवून काढायची गरज नाही. पण तुमच्या मनाने एक दिवस आधी पण काढू नका, आणि "अजून लंगडतोय तर राहू दे आठवडाभर" असं पण नको. डॉक्टरांनी जी वेळ दिली ती.

नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नाही. स्पिरिट नाही, सॅनिटायझर नाही, डेटॉल नाही, रॉकेल-टर्पेंटाइन तर नावच नको. दोन कारणं आहेत. एक तर ही सगळी रसायनं कातडीचा वरचा थर सैल करतात, मग पॅचमधलं आणि कातडीत मुरलेलं औषध एकदम आत जातं, आणि आपल्याला नेमकं तेच नकोय. दुसरं, मांजर अंगाला लागलेलं सगळं चाटून साफ करतं, त्यामुळे कातडीवर लावलं म्हणजे पोटात गेलंच समजा. निलगिरीचं तेल, टी ट्री ऑइल, असलं "नॅचरल" म्हणून विकलं जाणारं पण मांजरांना विषारी आहे. सासूबाईंचं खोबरेल तेल त्या मानाने बिचारं निरुपद्रवी, पण पॅच अंगावर असताना तेही नको, कारण तेलाने पॅच अर्धवट सुटतो, सरकतो, तेलकट हाताने ग्लोव्हज घसरतात आणि तो नेमका बोक्याच्या तोंडाशी जाऊन पडतो. पॅच निघून गेल्यावर कातडीवर गोंद राहिला तर त्याचं पुढे सांगते.

आणि गरम काही नाही. हेअर ड्रायरने गोंद मऊ करायची आयडिया इंटरनेटवर सगळीकडे फिरते, ती चिकट लेबलं काढायला ठीक आहे, इथे नाही. उष्णतेने कातडीकडचं रक्त वाढतं आणि औषध भराभर शोषलं जातं. हेच कारण आहे की पॅच असेपर्यंत मांजराला हीटरसमोर, गरम पाण्याच्या पिशवीवर, गच्चीतल्या उन्हात झोपू द्यायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे हे फार होतं, ऑपरेशन झालेलं मांजर थंडीने कुडकुडतंय म्हणून प्रेमाने शेकायला ठेवतात आणि मग ते एवढं गुंगतं की उठवता उठत नाही. थंडी असेल तर जाड चादर द्या, डब्यात कपडे घालून द्या, पण शेक नको.

बरं, आता प्रत्यक्ष काढायचं. दोन माणसं पाहिजेत, एक धरणारा, एक काढणारा, आणि धरणारा तो ज्याच्यावर चिकूचा विश्वास आहे. छोटी खोली घ्या, दार-खिडकी बंद, आणि दिवाणाखाली जायची वाट आधीच पोत्या-उशा लावून बंद करा, कारण पॅच अर्धा सुटलेल्या अवस्थेत बोका दिवाणाखाली गेला तर तो बाहेर येईपर्यंत तुमचा जीव वरखाली. खाऊन सुस्त पडला की ती चांगली वेळ. सगळं सामान आधी हाताशी: नायट्राइलचे ग्लोव्हज दोन जोड (मेडिकलवर मिळतात, भांडी घासायचे रबरी नकोत, त्यात बोटांना कड कळत नाही), साध्या पाण्यात भिजवून पिळलेला गॉझ, एक कोरडा टॉवेल, आणि घट्ट झाकणाची छोटी बाटली किंवा झिपचं पाऊच उघडून ठेवलेलं. ई-कॉलर (चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो प्लास्टिकचा शंकू) असेल तर ती तशीच राहू द्या, काढायची घाई नको.

टॉवेलमध्ये गुंडाळा, पॅचची बाजू फक्त उघडी. ऑपरेशनचा पाय कोणत्या बाजूला आहे ते बघून, त्या पायावर वजन किंवा दाब येणार नाही असं. मानेची कातडी पकडून उचलणं वगैरे करायचं नाही, त्याने मांजर शांत होत नाही, फक्त घाबरून गप्प होतं.

टेपची एक कड शोधा, जिकडून केस उगवायची दिशा सुरू होते ती, म्हणजे साधारण डोक्याकडची कड, आणि शेपटीच्या दिशेने काढत जायचं, केसांच्या उलट नाही. इथे सगळ्यात कॉमन गडबड म्हणजे लोक टेप वर ओढतात, आकाशाकडे, त्याने कातडी तंबूसारखी उचलली जाते आणि मांजराला खरंच दुखतं, मांजराची कातडी पातळ असते, फाटूही शकते. टेप वर ओढायचा नाही, स्वतःवरच मागे दुमडत न्यायचा, अंगाला जवळजवळ चिकटून, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं जिथून टेप सुटतोय तिथल्या कातडीवर सपाट दाबून ठेवायची, टेप जसा सुटेल तशी बोटं पुढे सरकवायची. एकदम खेचून काढला की कमी दुखतं हे माणसाच्या बँडेजसाठी ठीक, इथे हळूच. मध्ये चिकू वैतागला तर थांबा, डोकं खाजवा, उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या (मीठ-मसाला नसलेला), मग पुढे.

बहुतेक वेळा टेपबरोबर पॅच पण येतो. नाही आला, पॅच कातडीवरच राहिला, तर त्याची कड ओल्या गॉझने मिनिटभर दाबून धरा आणि मग नखाने नाही, बोटाच्या पेराने उचला. कात्री पॅचच्या जवळ आणायची नाही. काही पॅचमध्ये औषध जेलच्या रूपात पिशवीत असतं, कापलं की सगळं एकदम बाहेर. वरून बँडेज गुंडाळलेलं असेल आणि ते कापायलाच लागणार असेल तर बोथट टोकाची बँडेजची कात्री, आणि आधी हाताने चाचपून पॅच कुठे आहे ते बघून त्याच्या विरुद्ध बाजूने कापा.

निघाला की लगेच, हातातून खाली न ठेवता, चिकट बाजू आत करून अर्धा दुमडा, कडा दाबून बंद करा, बाटलीत टाका, झाकण लावा. मग बघा: चारही कोपरे होते का? तुकडा गायब असेल तर तो शोधायचा, आधी बोक्याच्या अंगावर, मग टॉवेलमध्ये, आणि स्वतःच्या बाहीवर पण बघा, चिकटून जातो. सापडला नाही तर लगेच डॉक्टरांना फोन, "पडला असेल कुठेतरी" म्हणून सोडायचं नाही.

हाताला लागलं तर? ग्लोव्हज काढा आणि भरपूर साध्या पाण्याने धुवा. साबण नाही. हे ऐकून सगळे चकित होतात, पण साबणाने औषध कातडीत जास्त शिरायची शक्यता असते, म्हणून नुसतं पाणी, वाहतं. क्षणभर बोट लागल्याने काही होत नाही, घाबरून हॉस्पिटलला धावायची गरज नाही, फक्त त्या हाताने डोळे-तोंड चोळू नका. घरात कोणी प्रेग्नंट असेल तर तिने हे काम करायचं नाही, दुसऱ्याला सांगायचं.

आता चिकूची कातडी. पॅचच्या आकाराचा लालसर चौकोन दिसेल, ते नॉर्मल आहे, एक-दोन दिवसात जातो. ओल्या गॉझने पुसा, कोरडं करा, बस. गोंद थोडा चिकट राहिला तर राहू द्या, केस यायला लागले की निघून जातो, त्यावर धूळ बसून काळपट दिसेल ते दिसू द्या. फारच वाटलं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून खोबरेल तेलाचा एक थेंब, ई-कॉलर असतानाच, आणि पुसून टाका, म्हणजे सासूबाईंचा पण मान राहिला. पावडर, बोरोलिन, हळद काही नको. फोड, पाणी सुटणं, सूज दिसली तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा.

आणि लक्षात ठेवा, पॅच काढला म्हणजे औषध त्या क्षणी बंद नाही झालं. पाऊस थांबला तरी भिंतीतली ओल लगेच जात नाही, तसं कातडीत मुरलेलं औषध पुढे कितीतरी तास रक्तात उतरत राहतं, साधारण एक दिवस तरी धरून चाला. म्हणून त्या दिवशी स्वतःच्या मनाने दुसरं कुठलंही औषध नाही. विशेषतः ट्रॅमाडॉल या दुखण्याच्या औषधाच्या उरलेल्या गोळ्या, किंवा भूक वाढवायला मिर्टाझापिन चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, फेंटॅनिलबरोबर त्यांचं जमत नाही. आणि क्रोसिन, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला कधीच नाही, लहान मुलाच्या सिरपचा चमचा पण नाही, मांजराच्या शरीरात ते पचवायची सोयच नसते, रक्त तपकिरी पडतं आणि जीव जातो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक पण नाही. दुखण्यावर चोळायचे मलम आपण लावतो ते पण मांजराजवळ नकोत.

पॅच असताना आणि काढल्यावर काही तास बोक्याच्या बाहुल्या मोठ्या दिसतात, डोळे काळेभोर. मांजरात या औषधाने तसं होतं, माणसात उलटं, बाहुल्या बारीक होतात, त्यामुळे इंटरनेटवर वाचून घाबरू नका. काही मांजरं फार लाडात येतात, पाय चेपतात, लोळतात, काही उगीच फेऱ्या मारतात, ओरडतात. थोडं अंग गरम पण लागतं. हे चालतं, उतरतं. काळजीचं कधी, तर श्वास. तो झोपलेला असताना छाती-पोट वरखाली होतं ते अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा. शांत झोपेत मिनिटाला वीस-तीसच्या आसपास येतं, थोडं कमी-जास्त. पंधराच्या खाली जातंय, हाक मारून-हलवून उठत नाहीये, कान-पंजे थंड, हिरड्या पांढरट किंवा निळसर, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. पॅच अंगावर असेल तर ग्लोव्हज घालून काढा आणि थेट दवाखाना, आणि गाडीतून फोन करून "फेंटॅनिल पॅच, २५, अमुक वेळेला लावलेला" एवढं नीट सांगा, म्हणजे ते नॅलोक्झोन काढून तयार ठेवतील, या औषधावरचा उतारा तो. पॅच चघळला-गिळला असेल तरी हेच, मिठाचं पाणी पाजून उलटी करवायचा घरगुती उपाय करू नका, गुंगीत ते फुप्फुसात जातं.

उलट बाजू पण असते, दुखणं परत येणं, आणि मांजरं ते लपवण्यात वस्ताद. रडत नाहीत म्हणजे दुखत नाही असं नाही. २०१९ मध्ये मॉन्ट्रियल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची एक पद्धत दिली, ती घरी पण वापरता येते: कान एकमेकांपासून लांब बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे बारीक करून बसलाय का, नाका-तोंडाचा भाग ताठ लांबट झालाय का, मिशा सरळ ताठ पुढे आल्यात का, डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. पाचही गोष्टींना शून्य, एक किंवा दोन मार्क, बेरीज दहापैकी चार किंवा जास्त आली तर डॉक्टरांना फोन करा, पुढचं औषध द्यायची वेळ झालीये. झोपेत असताना किंवा खाताना मार्क द्यायचे नाहीत, तो जागा आणि शांत असताना द्यायचे. शू-शी कडे पण लक्ष ठेवा, या औषधाने कोठा बांधतो, आणि कधी लघवी अडते, बोक्यात तर लघवी अडणं म्हणजे इमर्जन्सीच. बारा तासांत लिटर बॉक्समध्ये काही ओलं दिसलं नाही तर फोन.

राहिला बाटलीतला पॅच. इंदूरमध्ये कचरा वेगवेगळा करायची सवय आपल्याला लागलीये, गाडीच्या मागे कप्पे आहेत, आणि तिथेच लोक अडकतात की हा सुक्यात टाकू की सॅनिटरीच्या डब्यात की घातक कचऱ्यात. माझं म्हणणं, कोणत्याच नाही. तो सगळा कचरा पुढे कोणीतरी माणूस हाताने निवडतो, आणि गाडी येईपर्यंत पिशवी दाराशी ठेवली तर गल्लीतलं कुत्रं ती फाडतं. पहिली पसंती, ज्या डॉक्टरांनी लावला त्यांच्याकडे बाटली परत द्या, दवाखान्यांचा बायोमेडिकल कचरा वेगळा जातो. टाके दाखवायला जाणारच आहात, तेव्हा घेऊन जा, तोपर्यंत बाटली कुलपाच्या कपाटात, फ्रिजमध्ये किंवा मुलाच्या औषधांच्या डब्यात नाही. ते शक्य नसेल तर दुमडलेला पॅच संडासात फ्लश करायचा. पाण्यात औषध सोडायचं ऐकायला विचित्र वाटतं, पण २०२५ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने १७ औषधांची यादी दिली की ही घरात किंवा कचऱ्यात राहण्यापेक्षा फ्लश केलेली बरी, त्यात फेंटॅनिल आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्ही आहेत.

आणि एक गोष्ट, मी मुद्दाम लिहितेय कारण हे आपल्या घरांत होतं. "एवढा महागाचा पॅच, अजून औषध आहे ना त्यात, मग आजींच्या गुडघ्याला लावू की." नाही लावायचा. ज्यांना या औषधाची सवय नाही अशा म्हाताऱ्या माणसाचा श्वास झोपेत मंदावतो आणि सकाळपर्यंत कोणाला कळत पण नाही. पॅकेटमधला न वापरलेला पॅच उरला असेल तरी तोच नियम. तो चिकूच्या नावाने, त्याच्या वजनाप्रमाणे आलेला आहे, आणि फेंटॅनिल एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, शेजारच्या वहिनींच्या मांजराला "आमच्याकडे आहे एक" म्हणून देणं हा पण गुन्हा आहे. तोही डॉक्टरांनाच परत.

तुम्ही आज संध्याकाळी काढणार म्हणालात, तर संध्याकाळी नका काढू. डॉक्टर विचारायला हाताशी असतील अशा वेळी काढा, उद्या सकाळी दहा-अकराला, त्यांना चालत असेल तर, म्हणजे पुढचे काही तास दिवसाउजेडी लक्ष ठेवता येईल आणि रात्री श्वास मोजत बसावं लागणार नाही. ई-कॉलर मात्र टाके निघेपर्यंत काढू नका, तो कितीही दीनवाणा बघितला तरी.